अक्काचा फोटो दाखवून

पुरामुळं बंद पडलेली शाळा पुन्हा सुरू झाली त्या दिवशी आम्ही शिक्षक वर्गांपेक्षा स्टाफरूममध्येच जास्त होतो. मुलं निम्मीच आली होती. खेड्यांवरून येणाऱ्या एसटी अजून बंद होत्या, आणि हिंगोलीतल्या मुलांचंही अभ्यासात लक्ष नव्हतं. मी आठवीला मराठी शिकवते. तास संपवून आले तर गणिताच्या बाईंनी मोबाइल माझ्यापुढं धरला. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याच भागातलं आहे हे. तुमच्या ओळखीच्यांना पाठवा. मी सकाळीच पैसे टाकले. बघवत नाही हो."

कमरेएवढ्या गढूळ पाण्यात एक बाई उभी होती. खांद्यावर शेळीचं करडू, केस सुटलेले, एक हात वर, तोंड उघडं. मागं पत्र्याचं घर खिडकीपर्यंत बुडालेलं. फोटोखाली लिहिलं होतं, की हिंगोली जिल्ह्यातल्या या माऊलीचा एकुलता एक मुलगा तिच्या डोळ्यांदेखत वाहून गेला, जनावरं गेली, नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, आणि आता तिला तुमच्याशिवाय कोणी नाही. खाली पैसे पाठवायचा चौकोनी कोड, एक मोबाइल नंबर आणि जोडलेल्या हातांची चित्रं.

ती बाई माझी अक्का होती. माझी थोरली बहीण.

डोंगरकडा या मोठ्या गावापासून आत, ओढ्याकाठी तिचं गाव आहे. पूर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं फोनवर बोलणं झालं होतं. पाणी घरात शिरलं, धान्य भिजलं, हळदीच्या वावरात अजून पाणी साचलेलं आहे, पण माणसं आणि म्हैस सुखरूप आहेत, असं तिनं सांगितलं होतं. तिचा मुलगा, माझा भाचा, पुण्याकडं एका कारखान्यात कामाला आहे. पूर आला तेव्हा तो गावात नव्हताच. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी "वाहून गेला" हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. मी तिथंच उभ्या उभ्या भाच्याला फोन लावला.

त्यानं लगेच उचलला. मागं भांड्यांचे आवाज येत होते, कँटीनमध्ये असावा.

"मावशी, तू बी बघितलं का?" तो म्हणाला.

"तू बरा आहेस ना?"

"मी बरा हाय. पण हितं सगळे विचारून राहिले. सुपरवायझरनं फोटो दाखवला, म्हणला हे तुझ्याच जिल्ह्यातलं हाय, सगळे मिळून पाठवू. मी म्हणलं, ही माझी आई हाय. तर त्याला वाटलं माझा सख्खा भाऊ मेला." भांड्यांचे आवाज मागं पडले. मग म्हणाला, "आईला सांगू नको. तिच्यापाशी साधा फोन हाय, तिला दिसायचं न्हाई."

मी फोन ठेवला. स्टाफरूममधले सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "ही माझी बहीण आहे. मुलगा जिवंत आहे. आत्ता त्याच्याशीच बोलले."

गणिताच्या बाईंनी मोबाइल मागं घेतला आणि पुन्हा फोटो निरखून पाहिला, जणू त्यात काही बदललं असेल. त्यांच्याशिवाय आणखी तिघांनी पैसे पाठवले होते. आमचे वयानं मोठे असलेले सर म्हणाले, "पण फोटो तर खरा आहे ना? पाणी आलं हे खरं. बाई खरी. मग पैसे कुठं तरी बराबर पोचतीलच की."

ते कळावं म्हणून मी त्या मेसेजातला नंबर लावला. स्पीकर सुरू ठेवला.

पलीकडून तरुण माणसाचा आवाज आला. फार अदबीनं बोलत होता. "नमस्कार ताई. मदत करायची आहे ना? कोड स्कॅन होत नसेल तर मी दुसरा पाठवतो."

"पैसे नक्की त्या बाईंनाच मिळतात का?" मी विचारलं.

"अगदी थेट. आमची टीम आत्ता त्यांच्या घरीच आहे. मी स्वतः त्यांच्या शेजारी बसलोय."

"मग त्यांच्याशी बोलणं करून द्या ना. दोन शब्द धीराचे बोलते."

"ताई, त्या बोलण्याच्या स्थितीत नाहीत. मुलगा गेलाय हो. आत्ताच थोडा डोळा लागलाय त्यांचा."

त्या आवाजात इतकी माया होती, की क्षणभर मलाच आपण एका दुःखी घराला त्रास देतोय असं वाटलं. मी म्हणाले, "मी त्यांची सख्खी बहीण बोलतेय."

पलीकडं गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मग फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना. गणिताच्या बाईंच्या मोबाइलवरून लावला तेव्हा मात्र त्यानं उचलला आणि पुन्हा तसंच गोड "नमस्कार ताई" म्हणाला. त्यांनी घाबरून फोन ठेवला.

शाळेत पूरग्रस्तांसाठी वर्गणी काढायचं ठरत होतं. त्या दिवशी तो विषय बंद झाला. सर म्हणाले, "आता कोणावर विश्वास ठेवायचा? नकोच ती भानगड." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या मेसेजपेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं. ओढ्याकाठच्या कितीतरी घरांत त्या वेळी कोरडं अंथरूण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी निघाले. नांदेडची बस धरली, वारंगा फाट्याला उतरले आणि तिथून ऑटोनं गावाच्या रस्त्याला लागले. पुलावर अजून झाडाच्या फांद्या आणि पाइपांचे तुकडे अडकलेले होते, म्हणून ऑटोवाल्यानं मला अलीकडंच उतरवलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आडव्या पडलेल्या. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड फुटले होते. सगळीकडं एकच वास, ओल्या धान्याचा आणि सडक्या कडब्याचा.

अक्काचं घर खालच्या आळीत आहे. दारात भिजलेली गोधडी, गव्हाची चाळण, देवाचे फोटो, सगळं वाळत घातलेलं. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, काठी घेऊन बाजेवर बसले होते. पाय अधू असला तरी माणूस घरभर हिंडतो. अंथरुणाला खिळलेले ते कधीच नव्हते. अक्का आतून गाळ काढत होती. मला बघून घमेलं खाली ठेवलं, हात धुतले आणि म्हणाली, "आलीस व्हय. बरं झालं. चहाला दूध न्हाई पण. म्हैस आटली हाय."

आम्ही कोराच चहा घेतला. मला विषय कसा काढावा कळत नव्हतं. तिनंच काढला, पण वेगळ्या बाजूनं.

"काल मंदिरापाशी टेंपो आला होता," ती म्हणाली. "पीठ, तेल, डाळ, चादरी. सगळ्या आळीला वाटलं. आपल्या दारावरून पुढं गेले. मी म्हणलं, अहो, आमी बी बुडालोत. तर आपलं पोरगं वाटपाला होतं ना कोपऱ्यावरचं, ते म्हणलं, काकू, तुमाला वरून आलंय म्हणे, दुसऱ्यायला घेऊ द्या. मला काय कळंना. वरून म्हणजे सरकारी असंल, म्हणून मी तहसीलच्या माणसाला विचारलं. तो म्हणला अजून कोणाचंच आलं न्हाई."

"अजून काही बोलले का लोक?"

"बोलत न्हाईत म्हणूनच तर." तिनं शेजारच्या घराकडं पाहिलं. तिथं तिची चुलत जाऊ राहते. लग्न होऊन आल्यापासून दोघींचा एका विहिरीवर शेंदणं, एका वावरात खुरपणं. "ही बाई दोन दिस झाले माझ्याकडं बघून राहिली, पण तोंडातून शब्द न्हाई. काहून, काय केलं मी?"

तेव्हा मी सांगितलं. भाच्यानं नको म्हटलं होतं, पण सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट तिच्या एकटीपासून लपवणं मला जमेना. मोबाइल काढून फोटो दाखवला.

आधी तिनं फोटोच नीट पाहिला. शेजारच्या घराकडं बोट करून म्हणाली, "हे तर मी हिच्याच नावानं ओरडून राहिले होते. हिची म्हैस दाव्याला होती, पाणी गळ्याला लागलं होतं जनावराच्या. मी म्हणत होते, दावं काप, दावं काप." फोटो शाळेच्या गच्चीवरून कोणीतरी काढला होता. कोणी काढला ते नंतर समजलं, आणि त्यानं तो फक्त आपल्या स्टेटसला ठेवला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तिथून तो कोणाच्या हाती लागला हे त्यालाही माहीत नव्हतं.

मग तिनं खालचं वाचायला सांगितलं. मी वाचलं. मुलाचं वाक्य गाळायचा प्रयत्न केला, पण दाजींना वाचता येतं. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि संथ आवाजात ते वाक्य वाचून दाखवलं.

अक्का भिंतीला टेकून खाली बसली. "माझ्या जित्या लेकराला मारलं," ती म्हणाली. एवढंच. मी भाच्याला फोन लावून तिच्या हातात दिला. तिनं त्याला मेसेजचं काही विचारलं नाही. जेवलास का, काय जेवलास, रात्रपाळी हाय का दिवसपाळी, गाडी हळू चालव. तो बोलत राहिला आणि ती नुसती "व्हय, व्हय" करत ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर आत गेली, भिजलेल्या डब्यातून मीठ आणि मोहरी काढली, आणि भिंतीवरच्या त्याच्या शाळेतल्या फोटोवरून ओवाळून चुलीत टाकली. लाकडं ओली होती. मोहरी तडतडलीच नाही. तिनं पुन्हा टाकली.

संध्याकाळी तिनं मला विचारलं, "लोकायनं दिले असतील का गं पैसे?"

"दिले असतील."

"किती जणांनी?"

"ते नाही कळायचं."

"म्हणजे कोणी गरिबानं बी दिले असतील. माझं तोंड बघून." ती म्हणाली. "मी आजवर कोणाच्या दारात गेले न्हाई, अन् आता माझं तोंड घेऊन कोणीतरी दारोदार हिंडून राहिला."

मी तिला म्हणाले, की तुझा यात काही दोष नाही. ती म्हणाली, "दोष न्हाई ते मला ठावं हाय. पण त्यायला कसं कळावं?"

सकाळी आम्ही दोघी पोलिस ठाण्यात गेलो. तिथले हवालदार सज्जन होते. त्यांनी अक्काला खुर्ची दिली, पाणी दिलं, मेसेज शांतपणे वाचला. मग विचारलं, "बाई, तुमच्या खात्यातून पैसे गेले का?"

"न्हाई."

"मग ज्यांचे गेले त्यांनी तक्रार द्यायला पाहिजे. तुमचं काय गेलं, ते लिहावं लागतं ना मला."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी सांगायला लागले, तिचा फोटो, तिचा मुलगा, बदनामी. हवालदार ऐकत होते, त्यांनाही ते पटत होतं, पण कोणत्या रकान्यात बसवावं हे त्यांना समजत नव्हतं. शेवटी त्यांनी अर्ज घेतला, सायबर शाखेकडं पाठवतो म्हणाले, आणि मला सांगितलं, "मॅडम, तुमच्या ज्या बाईंनी पैसे टाकले त्यांना आजच तक्रार करायला सांगा. जितका उशीर तितकं अवघड. हे पैसे एका खात्यात थांबत नाहीत." मी बाहेर येऊन गणिताच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो मॅडम, थोडेच होते. पोलिसात कुठं नाव द्यायचं." दोनदा विनवलं तेव्हा त्यांनी तक्रार नोंदवली. बाकीच्या तिघांनी नोंदवली नाही.

आम्ही परतलो तर घरापुढं चार माणसं जमली होती. भाचा आला होता. कारखान्यात सुट्टी मागून मिळेल त्या गाडीनं तो निघाला होता. शेजारच्या जावेचा थोरला मुलगा त्याच्यासमोर उभा होता. तो माझ्या भाच्याच्याच वयाचा, दोघं एका वर्गात शिकलेले.

"मी कोणाचं नाव घेऊन न्हाई राहिलो," तो म्हणत होता. "पण गावात हा कोड-फिड कोणाला जमतंय? पुण्यात राहणाऱ्यालाच जमंल. फोटो तुमच्या आईचा, मदत तुमच्या घराला. मग टाकलं कोणी?"

भाच्यानं खिशातून मोबाइल काढला आणि त्याच्यापुढं धरला. "घे. उघडून बघ. बँकेचं बी बघ. अन् मला एक सांग, मी माझंच मरण लिहीन का?"

त्या पोरानं मोबाइल घेतला नाही. खाली बघून म्हणाला, "पैशासाठी लोक काय बी लिहितेत."

मी मध्ये पडणार होते, पण अक्का पुढं झाली. ती त्या पोराला म्हणाली, "तुझ्या आईला बोलाव."

जाऊ दारातच होती. सगळं ऐकत होती. अक्का तिला म्हणाली, "त्या दिशी मी कोणाला हाका मारत होते ते सांग तुझ्या पोराला."

जाऊबाईनं पदर सावरला. "मला मारत होतीस," ती म्हणाली. "म्हशीसाठी."

"मग ते रडणं न्हाई, एवढं तरी तुला ठावं होतं. तरी तू बोलली न्हाईस."

जाऊबाई दारातून आत गेली. तिच्या घरातही गाळच होता, तिचंही धान्य भिजलं होतं, आणि शेजारच्या घरी शहरातून पैशांचा पाऊस पडतोय असं तिला चार जणांनी सांगितलं होतं. आज मला तिचं मन कळतं. त्या दिवशी मात्र मला तिचा राग आला होता. माणसं एकेक करून निघून गेली. कोणी कोणाची माफी मागितली नाही. भाचा दोन दिवस राहून, घरातला सगळा गाळ काढून, परत पुण्याला गेला. जाताना गावात कोणाला भेटला नाही.

मी हिंगोलीला परतल्यावर मला एका अनोळखी बाईंचा फोन आला. कोकणातून बोलत होत्या. आवाजावरून वय झालेलं वाटत होतं. माझा नंबर त्यांना गावच्या ग्रामसेवकांनी दिला होता.

"तो फोटो ज्यांचा आहे त्यांच्या तुम्ही बहीण ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. तर पुढचा प्रश्न, "हे मी कशावरून धरून चालू?"

आधीच आठवडाभर प्रत्येक जण आमच्याकडं संशयानं बघत होता. मी भडकले. "नका धरू. आम्ही तुमच्याकडं काही मागितलेलं नाही."

"रागावू नका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पूर आला होता, तेव्हा आमच्या गल्लीच्या नावानं कोणी कोणी गोळा केलं. आम्हाला मागाहून कळलं. तेव्हापासून मी चौकशी केल्याशिवाय देत नाही. आणि चौकशी केल्यावर कोणी चिडलं, तर जरा थांबते."

"मग मी चिडलेच की आत्ता."

"चिडलात. पण फोन नाही ठेवलात."

मी खुर्चीवर बसले आणि त्या विचारतील ते सांगत गेले. मेसेज आल्यावर त्यांनी आधी पाहिलं, की गावाचं नाव कुठंच नाही. मग पैसे कोणत्या संस्थेच्या खात्यात जातात ते पाहिलं, तर संस्था नव्हती, कोणा एका माणसाचं नाव येत होतं. मग त्या नंबरवर फोन करून त्यांनी गाव कोणतं ते विचारलं. त्या माणसानं डोंगरकड्याजवळचं म्हणून सांगितलं, आणि घाई करा, आजच पाठवा, असं दोनदा म्हणाला. त्या घाईनंच त्यांना शंका आली. त्यांनी खटपट करून आसपासच्या गावांचे नंबर मिळवले. एका ग्रामसेवकाला आणि एका शाळेच्या मुख्याध्यापकांना वेगवेगळं विचारलं, तुमच्याकडे पुरात कोणाचा मुलगा गेला का. दोघांनीही नाही सांगितलं. "मेलेल्या माणसाची कुठंतरी नोंद असते," त्या म्हणाल्या. "आणि ती नसेल तर मग ती बाई कोण, हे मला कळेना. ग्रामसेवकांनी फोटो ओळखला आणि तुमचा नंबर दिला. तिला खरोखर काही हवंय का, हे विचारायला मी फोन केला."

इतक्या लोकांनी तो फोटो पाहिला होता. किती जणांनी पैसे पाठवले, किती जणांनी पुढं ढकलला, देव जाणे. त्या बाईला काय हवंय, हे विचारणारा पहिला फोन हा होता.

मी अक्काला फोन करून सांगितलं. मग म्हणाली, "पैसे नको म्हणावं. एक रुपया बी आपल्या घरी यायला नको. जनावरायला चारा न्हाई गावात, कडबा सगळा सडला. द्यायचा तर चारा द्या म्हणावं. अन् आमच्या घराचं नाव घालू नका. वरच्या आळीपासून वाटा."

कोकणातल्या बाईंनी चाऱ्याचीही चौकशी केली. फाट्यावरच्या चारा विकणाऱ्याशी त्या स्वतः बोलल्या, त्याच्याकडून भाव घेतला, दुसऱ्याकडून तोच भाव पडताळून पाहिला, आणि रक्कम त्याच्याच दुकानाच्या खात्यात भरली. माझ्या हातात काही दिलं नाही. मी मागितलंही नसतं. मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशव्या भरून टेंपो गावात आला तेव्हा मुख्याध्यापक आणि ग्रामसेवक दोघंही तिथं हजर होते. वरच्या आळीपासून वाटप सुरू झालं. आमच्या शाळेतल्या मोठ्या सरांना मी ही सगळी हकिगत सांगितली. पुढच्या आठवड्यात बंद पडलेली वर्गणी पुन्हा निघाली आणि त्यातून मुलांना वह्या व चपला मिळाल्या. त्या वाटायला सर स्वतः गावोगाव गेले.

चारा अक्काच्या जावेच्या दारातही उतरला. तिची म्हैस गाभण होती. तिनं पिशव्या मोजून आत घेतल्या, टेंपोवाल्याला पाणी दिलं आणि घरात गेली. अक्काकडं तिनं पाहिलं नाही.

पोलिसांकडून पुढं एकदाच फोन आला. ते खातं दूरच्या दुसऱ्या राज्यातल्या एका मजुराच्या नावावर निघालं. कोणीतरी थोडे पैसे देऊन त्याच्याकडून खातं वापरायला घेतलं होतं. खात्यात काही उरलेलं नव्हतं. गणिताच्या बाईंचे पैसे परत आले नाहीत. गोड आवाजात बोलणारा तो माणूस कोण होता, कुठं होता, हे आजवर समजलेलं नाही. अक्काला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मजुराला धरलं का?" चौकशीला बोलावलंय म्हणाले. "त्याला बी तकलीफच," ती म्हणाली आणि विषय सोडला.

तो मेसेज मात्र थांबला नाही. कुठं दरड कोसळली, कुठं धरणाचं पाणी सुटलं, की अक्का पुन्हा कोणाच्या तरी मोबाइलवर येते. जिल्हा बदललेला असतो, कधी मुलाच्या जागी मुलगी असते. मी प्रत्येक वेळी त्या ग्रुपवर लिहिते, ही माझी बहीण आहे, हिचं असं काही झालेलं नाही, पैसे पाठवू नका. कोणी आभार मानतं. कोणी विचारतं, तुम्ही कशावरून बहीण. त्यांना मी आता सगळं सविस्तर सांगते.

मागच्या रविवारी मी अक्काकडं गेले होते. लावणी जवळ आली होती, म्हणून हळदीच्या बेण्याची, लावायच्या गड्ड्यांची, चर्चा चालू होती. तिचं सगळं कुजलं होतं, म्हणून तिनं यंदा बाहेरून बेणं आणलं होतं आणि त्यातलं थोडं उरलं होतं. दुपारी जाऊबाई आली. दारातल्या ओट्यावर बसली. बेणं कुठलं, उगवण कशी हाय, भाव काय पडला, असं विचारत राहिली. अक्का सांगत राहिली. शेवटी तिनं टोपलीत बेणं भरून दिलं, तर जाऊबाई म्हणाली, "हळद निघाल्यावर परत करीन." अक्का म्हणाली, "करशील."

ती गेल्यावर मी म्हणाले, "आली की गं."

"आली," अक्का म्हणाली. "पण पह्यले घरात येऊन चुलीपाशी बसायची. आज ओट्यावरूनच गेली."

मग ती उरलेलं बेणं सावलीत पसरायला उठली, आणि मीही तिच्याबरोबर उठले.